फाहियानने ऐकलेला लाकडाचा आवाज

इ. स. 399 मध्ये चांगआनहून निघालेला चिनी भिक्खू फाहियान भारतात आला तो विनयाच्या ग्रंथांच्या शोधात. राजदरबाराशी त्याला कर्तव्य नव्हते. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याच्या राज्यातून तो फिरला, पण त्याच्या प्रवासवर्णनात त्या राजाचे नावही नाही. म्हणूनच त्याने जाता जाता नोंदविलेल्या लोकव्यवहाराचे मोल अधिक.

मथुरेच्या दक्षिणेकडील मध्यदेशाविषयी तो लिहितो, की येथील लोक सुखी आहेत. ते प्राणिहत्या करीत नाहीत, मद्य पीत नाहीत, कांदा-लसूण खात नाहीत. बाजारात खाटकाचे दुकान नाही; देवघेवीला कवड्या चालतात. पाठ्यपुस्तकांतील ‘सुवर्णयुग’ बहुधा येथेच थांबते. फाहियान थांबत नाही. याला अपवाद चांडालांचा, असे तो सांगतो. ते इतरांपासून निराळे राहतात आणि नगराच्या वेशीतून किंवा बाजारात शिरताना लाकूड वाजवितात, म्हणजे लोकांनी ओळखावे व स्पर्श टाळावा.

ही रीत नीट समजून घेतली पाहिजे. बाजारात अंगाला अंग लागायचेच. ते टाळण्याचा भार मात्र विटाळ मानणाऱ्यावर नाही. ज्याला दूर ठेवायचे त्यानेच स्वतःच्या हाताने आपल्या बहिष्काराची दवंडी पिटायची! पेशवाईतील पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आले, तेही याच न्यायाने. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ (1936) मध्ये बाबासाहेबांनी त्याचा उल्लेख केला आहे.

फाहियानला यात काही वावगे वाटल्याचे दिसत नाही. तथागताचा भिक्खू हे मांसविक्रीच्या ओघात सांगून पुढे जातो, हे आपल्याला खुपते, खुपलेच पाहिजे. परंतु ज्याला तक्रार करायची नाही, त्याची साक्ष खोडणे कठीण असते.

असे असूनही ‘द अनटचेबल्स’ (1948) या ग्रंथात बाबासाहेबांनी या साक्षीवर घाईने इमारत उभारली नाही. चांडालाला ब्राह्मण पूर्वापार अपवित्र मानीत आले होते. तेवढ्यावरून समाजात अस्पृश्यता रूढ झाली होती असे सिद्ध होत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी अधिक वजन दिले ते 629 मध्ये प्रवासास निघालेल्या ह्युएनत्संगाच्या नोंदीला. तिच्यात खाटीक, कोळी, नट, फाशी देणारे व सफाई करणारे यांच्या घरांवर खूण आहे, त्यांना नगराबाहेर राहणे भाग आहे, आणि वस्तीत वावरताना ते डाव्या कडेने अंग चोरून चालतात. सव्वादोनशे वर्षांत एका चांडालाच्या जागी पाच धंद्यांची माणसे आली होती.