वाट पाहण्यात जाणारी वर्षे

तिसरा-चौथा महिना सरता सरता बाळ मान धरते. मग कुशीवर वळते, पालथे पडते, आठव्या महिन्याच्या आसपास आधाराशिवाय बसते आणि वर्ष-सव्वा वर्षात एखाद-दुसरा शब्द बोलू लागते. हे टप्पे माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेले असतात. लसीची तारीख पाहायला ते कार्ड घरोघरी काढले जाते, हे पान मात्र क्वचितच कोणी वाचते. एखादा टप्पा थोडा पुढेमागे झाला तर बिघडत नाही. तो बराच लांबला, किंवा जमू लागलेली गोष्ट बाळ विसरू लागले, तर तपासणी लगेच हवी. मेंदूची जडणघडण पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत वेगाने होते, म्हणून त्या काळातल्या मदतीचा उपयोगही सर्वांत जास्त होतो. या लवकरच्या मदतीला सरकारी भाषेत ‘शीघ्र हस्तक्षेप’ म्हणतात.

नाशिक जिल्ह्याच्या 15 तालुक्यांत या मदतीची पहिली पायरी घराच्या उंबऱ्यावरच आहे. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर आशाताई 42 दिवसांत 6 वेळा घरी येतात, घरी झाले असेल तर 7 वेळा. वजन करणे, अंग गरम आहे की गार ते पाहणे, दूध ओढते का ते विचारणे, हे त्यांचे काम. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत देशाला महाराष्ट्रानेच दिली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून ती उभी केली आणि 1999 मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले.

दुसरी पायरी अंगणवाडीची. तिथे सहा महिन्यांवरील बाळाच्या दंडाभोवती हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगाची एक अरुंद पट्टी गुंडाळतात. घेर 12.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल कुपोषित, 11.5 पेक्षा कमी भरला तर तीव्र कुपोषित. लाल रंगात आलेल्या बाळाला, विशेषतः त्याला भूक लागत नसेल किंवा आजार असेल तर, पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवावे लागते. पट्टी गुंडाळायला अर्धा मिनिटही लागत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथकही अंगणवाडीतच येते. हा कार्यक्रम देशभरासाठी सुरू झाला तो फेब्रुवारी 2013 मध्ये, पालघरमधून. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे पथक अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासते. जन्मजात व्यंगे, जीवनसत्त्वांच्या कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातला विलंब असे चार गट त्यात येतात. पथकाला शंका आलेल्या मुलाला पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. नाशिककरांच्या तोंडी ‘सिव्हिल’ असलेल्या जिल्हा रुग्णालयाशी हे केंद्र जोडलेले आहे. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, श्रवण आणि वाचा, दृष्टी, मानसशास्त्र या सगळ्या बाजूंनी एकाच ठिकाणी मूल तपासले जावे, हा या केंद्रामागचा विचार आहे. सेवा मोफत असते.

लवकर येण्याचे मोल काही आजारांत डोळ्यांनी दिसते. जन्मतः आत वळलेले पाय घ्या. पहिल्या आठवड्यांतच उपचार सुरू झाले तर दर आठवड्याला पाय हळूच थोडा सरळ करून प्लास्टर घालतात. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल जागेवर येते. बऱ्याच बाळांना टाचेमागच्या शिरेला एक बारीक छेद लागतो. नंतर विशेष बूट घालायचे, ते चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत रात्री झोपताना. बूट सोडले की पाय पुन्हा वळतो आणि नेमके हेच घरात विसरले जाते. आईने ग्रहण पाळले नाही म्हणून पाय वाकडे झाले, ही समजूत अजून ऐकू येते. तिला काहीही आधार नाही आणि त्या बोलण्याने आईवर अन्याय होतो.

ऐकण्याचे वेळापत्रक आणखी कडक आहे. चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि श्रवणयंत्र सहाव्या महिन्यापर्यंत, असा जगभर मानलेला क्रम आहे. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तर 30 दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो. ही मुदत चुकली तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

तरीही मुले उशिरा पोहोचतात. ‘याचा बापही उशिराच बोलला’ हे वाक्य घरातली वडीलधारी माणसे मायेनेच बोलतात, पण त्यात वर्ष निघून जाते. सुरगाणा-पेठकडची अडचण वेगळी आहे. द्राक्षांच्या हंगामात तिथली कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला उतरतात आणि बाळाचे नाव गावच्या अंगणवाडीत राहते. कामाच्या गावातल्या अंगणवाडीत नाव सांगितले तर तिथेही सेवा मिळते, हे पुष्कळांना माहीत नसते. थेरपीसाठी पुन्हा पुन्हा नाशिक गाठायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेली रोजंदारी. म्हणून थेरपिस्टकडून व्यायाम नीट शिकून घेऊन ते रोज घरी करणे हा उपचाराचाच भाग असतो.

सरकारी साखळी नव्हती तेव्हाही नाशिकमध्ये ही गरज ओळखली गेली होती. रजनी लिमये यांनी 1977 मध्ये बौद्धिक अक्षम मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. पालक एकटे पडत होते, त्या काळात ही शाळा त्यांना मोठा आधार ठरली.

निदानानंतर कागदपत्रे येतात. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. मात्र थेरपी सुरू करायला प्रमाणपत्राची वाट पाहू नये. पथकाच्या पुढच्या फेरीचीही नको. पालकांच्या मनात शंका आली, एवढे कारण अंगणवाडीताईंशी बोलायला किंवा थेट सिव्हिलमध्ये जायला पुरेसे आहे. जाताना बाळाचे कार्ड आणि दवाखान्यातून घरी सोडतानाचा कागद सोबत ठेवावा.