लोटगाडीवरची होडी

पावसाळा सरताना हतनूर धरणाचा फुगवटा भरतो आणि तापी-पूर्णेच्या संगमाशी, चांगदेवच्या बाजूला, पाणी काठाला येऊन टेकतं. दिवाळीच्या सुमारास तिथे होडी उतरवणं सोपं असतं. रस्त्याच्या कडेला टेम्पो थांबवायचा, होडी दोघांनी धरायची आणि वीस पावलांवर पाण्यात सोडायची. होळी झाली की पाणी मागे सरायला लागतं. एप्रिलमध्ये त्याच जागी उभं राहिलं तर समोर तडकलेली काळी जमीन दिसते, मध्ये कुठे ओल्या गाळाचे पट्टे, आणि पाणी पार पलीकडे एका चमकत्या रेघेसारखं. ही मधली जमीन ओलांडण्यासाठी मी एक गाडी करून घेतली. तिच्यामुळे खान्देशातल्या सगळ्याच गाड्यांकडे मी नीट पाहायला लागलो.

माझी कयाक तीन मीटर लांब आहे आणि वजनाला पंचवीस किलो. कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर सीलचं कातडं ताणलेलं, त्यामुळे ती इतकी हलकी व्हायची की एकटा माणूस ती उचलून बर्फावरून चालत जाई. आजची प्लास्टिकची कयाक आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या काळ्या टाकीची सख्खी बहीण आहे. दोन्ही एकाच पद्धतीने घडतात. साच्यात पॉलिथिनची भुकटी टाकून साचा तापवत सगळ्या बाजूंनी फिरवतात, भुकटी वितळून आतल्या भिंतींना सारखी बसते. टाकी एकदा गच्चीवर चढली की तिथेच राहते. होडीला मात्र दर वेळी पाण्यापर्यंत जावं लागतं, आणि पंचवीस किलोचं लांबुडकं, गुळगुळीत, धरायला जागा नसलेलं ओझं अर्धा किलोमीटर नेताना ते पंचवीस किलोचं राहत नाही.

ढकलायच्या गाडीला आमच्याकडे लोटगाडी म्हणतात. पुण्या-मुंबईकडे तीच हातगाडी होते. मला आमचा शब्द जास्त नेमका वाटतो, कारण त्यात गाडीचं काम आहे. जळगावात फुले मार्केटच्या आसपास, धुळ्यात आग्रा रोडवर आणि पाचकंदीलच्या गर्दीत या गाड्या सकाळी येतात आणि रात्री परततात. हिवाळ्यात मेहरूणची बोरं, पुढे कैऱ्या आणि टरबुजं, केळी तर बारा महिने. सायकलची चार चाकं, लोखंडी अँगलची चौकट, वर फळ्यांचा पाट. इतकं साधं यंत्र शहरात दुसरं नसेल. तिला स्टिअरिंग नाही. वळायचं असेल तेव्हा माणूस मागचा दांडा खाली दाबतो, पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि तेवढ्या क्षणात तो गाडी बाजूला फिरवतो. हे एकदा मुद्दाम उभं राहून पाहावं. भरल्या गाडीला अरुंद बोळात वळवणाऱ्या बाईच्या मनगटात जे आहे, ते कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

माझी पहिली गाडी मी स्वतःच केली होती आणि ती पाईपची होती. जगभरात घरच्या घरी कयाकची गाडी करणारे बहुतेक लोक पीव्हीसी पाईपच वापरतात, कारण तो कापायला सोपा, टी आणि एल्बो बाजारात तयार, वेल्डिंगची गरज नाही. जळगावात तर पाईपची काय कमतरता! वाकोदच्या भवरलाल जैनांनी ऐंशीच्या दशकात इथे पाईपचा उद्योग उभारला, पुढे ठिबक आलं, आणि आता केळीच्या प्रत्येक बागेच्या बांधावर उरलेले तुकडे पडलेले असतात. मीही असेच तुकडे गोळा केले, सोल्युशन लावून चौकट जोडली, मुलाच्या मोडक्या सायकलची चाकं लावली. हिवाळाभर ती छान चालली. मे महिन्यात एका दुपारी होडी चढवून ती उन्हात उभी ठेवली आणि जेवून आलो, तर आडवा पाईप मधोमध वाकला होता आणि दोन्ही चाकं आत कललेली होती.

चूक पाईपची नव्हती, माझी होती. पीव्हीसीच्या पाईपवर जो दाब लिहिलेला असतो तो २७ अंश तापमानासाठी असतो. भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उघड्या उन्हात पडलेला पाईप हवेपेक्षा जास्त तापतो. शेतात तोच पाईप जमिनीखाली गाडलेला असतो, आत गार पाणी वाहत असतं आणि त्याच्या पाठीवर कोणी बसलेलं नसतं. ज्या कामासाठी तो घडवला ते काम तो वर्षानुवर्षं करतो. मी त्याला तुळई केलं होतं.

मग मी लोटगाड्या बनवणाऱ्या एका वेल्डरकडे गेलो. मी कागदावर काढलेलं चित्र त्यांनी बाजूला ठेवलं.

"भाऊ, माल किती आन् रस्ता कसा, ते सांगा आधी."

माल सांगितला. रस्ता सांगताना मात्र मला थांबावं लागलं, कारण तो रस्ता नव्हताच. थोडा मुरूम, मग भेगा पडलेली काळी जमीन, शेवटी गाळ. त्यांनी दुकानातल्या सायकलच्या मोठ्या चाकांकडे पाहून मान हलवली. "हे डांबरासाठी. तिथं हे रुतंल."

ते का रुतेल याचा हिशेब मी घरी येऊन केला. होडी, गाडी आणि सामान मिळून चाळीस किलो धरले तर एका चाकावर वीस किलो येतात. हवेचं टायर जमिनीवर इतकं चपटं होतं की त्याच्या टेकलेल्या भागातला दाब साधारण आतल्या हवेच्या दाबाइतका राहतो. सायकलचं अरुंद टायर चौरस सेंटीमीटरला तीन किलोने फुगवलेलं असेल, तर ते जेमतेम सात चौरस सेंटीमीटरवर उभं असतं, म्हणजे अंगठ्याच्या दोन ठशांएवढ्या जागेवर. तोच भार रुंद, मऊ टायरवर अर्ध्या किलोच्या दाबाने पेलला तर चाळीस चौरस सेंटीमीटर जागा मिळते. ओल्या जमिनीला एवढा फरक पुरतो. म्हणून आम्ही लहान पण जाड टायरची चाकं घेतली. चाक मोठं असतं तर भेगांवरून अधिक सहज गेलं असतं, पण मोठं आणि रुंद असं दोन्ही घेतलं तर गाडी होडीइतकीच जड होते.

सायकलच्या चाकाबद्दल त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्याचा आख बोटापेक्षा बारीक असतो, कारण त्याला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरलेलं असतं. नुसता एका बाजूने धरून चाक बाहेर लटकवलं तर आख वाकतो. माझ्या पहिल्या गाडीत तेही झालं असणार. नव्या गाडीला त्यांनी आरपार एकच जाड लोखंडी आख दिला, दोन्ही टोकांना भोक आणि त्यात खीळ. खीळ काढली की चाक हातात येतं.

खीळ पाहून मला आजोळची बैलगाडी आठवली. खान्देशातल्या कुठल्याही जुन्या माणसाशी गाडीबद्दल बोला, तो चाकाच्या आधी भाराबद्दल बोलेल. दोन चाकांच्या गाडीत सगळा खेळ आसाच्या पुढे किती आणि मागे किती याचा आहे. मागे जास्त भरलं तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त भरलं तर बैलांची मान दबते. चांगला गाडीवान कडबा भरताना अधूनमधून जू हाताने उचलून पाहायचा. आम्ही होडीचं तेच केलं. जमिनीवर एक गोल पाईप ठेवून त्यावर होडी आडवी तोलली, जिथे ती स्थिर राहिली तिथे खडूने रेघ मारली आणि आख त्या रेघेच्या किंचित मागे घेतला. हातात येणारं वजन आता दोन-तीन किलो असेल, तेवढं हवंच. अगदी मधोमध तोललेली होडी चालताना पुढे-मागे डोलत राहते.

चीनमधली जुनी एकचाकी गाडी याच विचारावर उभी होती. मोठं चाक मधोमध आणि माल त्याच्या दोन्ही अंगांना, त्यामुळे माणसाच्या हाताला भार फारसा नाहीच. आपल्या बांधकामावरच्या एकचाकी गाडीत चाक पुढच्या टोकाला असतं, म्हणून अर्धी वाळू मजुराच्या खांद्यांना उचलावी लागते. ती गाडी आपण इतकी वर्षं तशीच का वापरतो हे मला कळत नाही.

जुन्या बैलगाडीच्या चाकाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ते घडताना पाहिलेली पिढी आता थकली आहे. मध्ये तुंबा, त्यात बसवलेले आरे, बाहेर लाकडाच्या पाट्यांचा घेर आणि त्यावर लोखंडी धाव. धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी लहान करायची. मग गोवऱ्यांच्या जाळात ती तापवायची. चार मीटर घेराची धाव पाचशे अंश तापली की घेर सुमारे अडीच सेंटीमीटर वाढतो. तेवढ्यात चार-सहा जणांनी सांडशांनी उचलून ती चाकावर ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. लाकूड जळाल्याचा वास, वाफेचा लोट, आणि त्या वाफेत सांधे करकरत आवळले जातात. एकही खिळा नाही, आकसलेल्या लोखंडाची मिठी सगळं चाक धरून ठेवते. या चाकात भार खालच्या आऱ्यांवर उभा राहतो. सायकलच्या चाकात आरे तारेचे, सगळे आधीच ताणलेले. ही कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केलीने १८०८ मध्ये मांडली. ते चाक उभा भार उत्तम पेलतं पण आडव्या धक्क्याने पटकन वाकडं होतं. उतारावर तिरपी जाणारी गाडी नेमका तसाच धक्का देते, म्हणून चाकांमधलं अंतर आम्ही होडीच्या रुंदीच्या जवळ नेलं.

धावेच्या अरुंद चाकांनी वर्षानुवर्षं एकाच जागी काळी माती कापली की चाकोरी पडते. हतनूरच्या उघड्या पडलेल्या जमिनीवर मला ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या मिळतात. माझी गाडी त्यांच्यापेक्षा अरुंद, त्यामुळे एक चाक चाकोरीत आणि दुसरं वरंब्यावर अशी ती कलते. पूर्वी पंचक्रोशीतल्या गाड्यांची रुंदी सारखी का असायची, ते तिथे पायांना कळतं.

थांबवण्याचा प्रश्न उरला होता. काठाचा शेवटचा उतार घसरडा, होडी एकदा सुटली की माणसाला ओढत नेते. याचं उत्तर मला जळगावच्या रथोत्सवात सापडलं, जो मी लहानपणापासून पाहत आलो आहे. जुन्या जळगावातल्या श्रीराम मंदिराचा रथ अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केला आणि कार्तिकी एकादशीला तो आजही निघतो. एवढ्या उंच, जड लाकडी रथाला ब्रेक नाही आणि स्टिअरिंगही नाही. त्याला आवरतात ते मोगरी लावणारे. लाकडाची मोगरी धरून ते चाकाच्या अगदी लगत चालतात. वळवायचा असेल तिकडच्या चाकाखाली मोगरी सरकवली की ते चाक अडतं, दुसरं चालत राहतं आणि रथ फिरतो. दोन्हीकडे एकदम दिली की रथ जागच्या जागी थांबतो. पुढे शेकडो हात दोर ओढत असतात, जयघोष चालू असतो, आणि या माणसांची नजर मात्र चाक आणि जमीन जिथे भेटतात त्या एका बोटभर जागेवर असते. पारोळ्यालाही बालाजीच्या रथाला मोगरी लागते. माझ्या मते खान्देशातलं सगळ्यात अवघड कसब हेच, कारण त्यात चुकीला जागा नाही.

मी बाभळीच्या लाकडाच्या दोन लहान पाचरी करून घेतल्या आणि सुतळीने गाडीला बांधल्या. उतार सुरू होण्याआधी थांबतो, पाचरी चाकांपुढे सरकवतो, होडीच्या मागच्या टोकाला दोर बांधून तो हाताला घेतो, मग एक-एक पाचर काढत उतरतो.

गाडी आता अशी आहे: लोखंडी पाईपची चौकट, एक आख, दोन जाड चाकं, वर होडीच्या पोटाच्या आकाराच्या दोन बैठका. बैठकांवर सायकलच्या जुन्या ट्यूब गुंडाळल्या आहेत, त्यामुळे होडी सरकत नाही आणि तिला चराही पडत नाही. बांधायला नायलॉनचा पट्टा. तो उन्हाळ्यात फार आवळायचा नाही, तापलेलं पॉलिथिन दबतं आणि तळाला खड्डा राहून जातो. आखाला वंगण दर खेपेला.

धरणाच्या पाण्यात परवानगीशिवाय उतरू नये, लाइफ जॅकेटशिवाय तर नाहीच. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, त्यांच्या बाजूला कधीही जायचं नाही.

मागच्या एप्रिलमध्ये गाळाच्या पट्ट्यापाशी एक मासेमार भाऊ जाळं आवरत बसले होते. त्यांनी गाडी पाहिली, चाक हाताने फिरवून पाहिलं, आणि विचारलं की त्यांच्या जाळ्याचं ओझं आणि माशांची पेटी यावर मावेल का. आम्ही होडी उतरवली आणि पेटी चढवून पाहिली. पेटी आखूड, बैठका दूर, ती मधोमध लोंबायला लागली. त्यांनी खाली एक फळी टाकली. मग मावली. ती पेटी ते वरच्या रस्त्यापर्यंत घेऊन गेले, रिकामी गाडी परत आणून दिली, आणि चाकांमधलं अंतर आपल्या वितीने मोजून घेतलं. मी खिळी काढल्या, चाकं होडीच्या मागच्या खणात ठेवली, चौकट वर बांधली आणि वल्हं हातात घेतलं. पाणी त्या दिवशी संगमापर्यंत स्थिर होतं.