आपले विमान आधी कुठे होते?

वाशीमहून अमरावतीला विमान पकडायला जाणाऱ्या अनेकांना प्रश्न पडतो, की इथे आकाश निरभ्र असताना उशीर का? फ्लाइट नंबर हे फेरीचे नाव असते, विमानाचे नव्हे. एसटीची पाटी तीच राहते, गाडी बदलते, तसेच हे. १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झालेल्या मुंबई–अमरावती सेवेत मुंबईहून आलेले विमानच परतीचे प्रवासी नेते. त्यामुळे मुंबईतला खोळंबा अमरावतीत जाणवतो.

प्रत्येक विमानाला नोंदणी क्रमांक (भारतात ‘व्हीटी’ने सुरू होणारी स्वतंत्र ओळख) असतो. त्यावरून फ्लाइटरडार२४सारख्या ॲपवर त्याच्या आधीच्या फेऱ्या दिसतात. मात्र कंपनी ऐनवेळी दुसरे विमान देऊ शकते. म्हणून आधीची फेरी लांबलेली दिसली, तरी विमानतळावर वेळेतच पोहोचावे.