"खाण नको" असं गाव का म्हणतं? – कळणे गावाचं उदाहरण



खनिजसंपत्तीचा धडा आपण दरवर्षी शिकवतो. कोणतं खनिज कुठे सापडतं, त्याचा उपयोग काय, हे मुलं पाठही करतात. पण "प्रस्तावित खाणीला ग्रामस्थांचा विरोध" अशी बातमी वाचली की मूल विचारतं, "लोखंड तर सगळ्यांनाच लागतं, मग हे लोक नको का म्हणतात?" "पर्यावरणाचा ऱ्हास होतो" एवढ्या उत्तराने त्याचं समाधान होत नाही. म्हणून एक खरं गाव घेऊन समजावू या.

आपल्या द्रोणागिरीच्या मुलांना डोंगर फोडणं नवीन नाही. नवी मुंबई विमानतळासाठी सुमारे 92 मीटर उंचीची उलवे टेकडी सुरुंग लावून सपाट केली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला, हे त्यांनी ऐकलेलं असतं. तिथूनच सुरुवात करा. मग नकाशात सिंधुदुर्ग जिल्हा, त्यात गोव्याच्या सीमेजवळचा दोडामार्ग तालुका आणि त्यातलं कळणे गाव दाखवा. इथे डोंगर फोडला तो लोहखनिजासाठी. खाण सुमारे 32 हेक्टरांची, म्हणजे तशी लहानच. 2009 च्या सुमारास तिला मंजुरी मिळाली, तेव्हा गावाने आणि आसपासच्या गावांनी जोरदार विरोध केला.

विरोध कशासाठी?

याचं मुख्य उत्तर पाणी. कोकणातला जांभा खडक सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी तो पोटात घेतो आणि पायथ्याच्या झऱ्यांतून हळूहळू सोडतो. त्याच झऱ्यांवर गावाचं पिण्याचं पाणी, सुपारी-नारळाच्या बागा आणि उन्हाळी भाजीपाला अवलंबून असतो. वर्गात एक भिजलेला स्पंज दाखवा. त्याचा वरचा भाग कापून काढला तर पाणी कुठे साठणार?

खनिजाचे थर खोल असले की खड्डा भूजलाच्या पातळीखाली जातो. मग पाणी उपसावं लागतं आणि शेजारच्या विहिरी खाली जातात.

दुसरं कारण माती. खनिजाबरोबर निघणारी निरुपयोगी माती ढीग करून ठेवतात. कोकणातल्या पावसात ती वहाळातून भातशेतीत उतरते. शेजारच्या गोव्यातल्या खाणपट्ट्यात हे घडलेलं दोडामार्गच्या लोकांनी पाहिलं होतं. त्यामुळे त्यांची भीती ऐकीव नव्हती.

ती खरीही ठरली. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत कळण्याच्या खाणीत साठलेलं पाणी बांध फोडून गावात घुसलं. घरांत आणि बागायतीत लाल चिखल पसरला.

लोकांनी काय केलं?

मुलांना हे जरूर सांगा, कारण विरोध म्हणजे फक्त घोषणा नव्हेत. 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाआधी पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल करावा लागतो. त्यावर जनसुनावणी होते. किमान 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. सारांश मराठीत हवा, हा आपला हक्क आहे. जो अहवाल वाचताच येत नाही, त्यावर गावकरी हरकत तरी काय घेणार?

पुढे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने 2011 मध्ये अहवाल दिला. सिंधुदुर्गातल्या 25 गावांच्या ग्रामसभांनी आपलं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्यावं असे ठराव केल्याची नोंद त्यात आहे. बंधनं लोकांनी स्वतःहून मागितली, ही मोठीच गोष्ट. मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा संवेदनशील म्हणून जाहीर करण्याचा आदेश दिला.

दुसरी बाजूही मांडा

खाण हवी म्हणणारेही गावातलेच असतात. कुणाला नोकरी मिळते, कुणी कर्ज काढून ट्रक घेतो. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं, तेव्हा अशा अनेक घरांची चूल अडचणीत आली. त्यांना खलनायक ठरवू नका. पण हिशोब पूर्ण मांडायला शिकवा. खनिज एकदाच निघतं, झरा दरवर्षी वाहतो.

वर्गात किंवा घरी करायचा उपक्रम

मुलांचे दोन गट करा. एक खाणीच्या बाजूने, दुसरा विरोधात. दोघांनाही हे पाच प्रश्न द्या:

1. गावाचं पाणी आज कुठून येतं, उद्या कुठून येईल?
2. काढलेली माती कुठे टाकणार?
3. काम कुणाला मिळेल, कुणाचं जाईल?
4. हे काम किती वर्षं टिकेल?
5. खनिज संपल्यावर खड्ड्याचं काय?

मग गटांच्या बाजू बदला आणि पुन्हा बोलायला लावा. शेवटी हेच प्रश्न आपल्या परिसरातल्या खाडीच्या, खारफुटीच्या आणि भरावाच्या कामांना लावून पाहायला सांगा. एखादं उत्तर मिळालं नाही, तर ते कोणत्या कार्यालयात विचारायचं, हेही मुलांकडूनच शोधून घ्या. नागरिकशास्त्राचा धडा इथेच सुरू होतो.