म्हशीचा कागद, माणसाचा कागद

पहाटे ५.३०

शुक्रवारी घोडेगावात गजर लावावा लागत नाही. नगर–संभाजीनगर रस्त्यावरून बाजाराकडे वळणाऱ्या पिकअपमधल्या म्हशीच गाव उठवतात. आई धारेला बसलीय. मी चुलीपाशी बसून फॉर्म लावतेय: वर संमतीपत्र, खाली प्रश्नावली, दोन्हींवर एकच क्रमांक.

शिक्षणानं मी नर्स. बीएस्सी नर्सिंग झाल्यावर पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठात आरोग्यशास्त्राच्या एमएस्सीला गेले आणि आता प्रबंधासाठी परत गावात आलेय. वर्गात बीएएमएस झालेली वैद्य आहे, फार्मसीवाले आहेत, मायक्रोबायोलॉजीवाले आहेत. घरच्यांना अजून नीट कळलेलं नाही की हे शिकून मी नेमकी कोण होणार. ‘डॉक्टर नाही, मग काय?’ या मामांच्या प्रश्नाला मी हल्ली हसून चहा देते.

विषय ब्रुसेलोसिसचा आहे. जनावरात तो गर्भपात घडवतो आणि माणसाला चढउताराचा ताप देतो. बाजाराशी जोडलेल्या घरांना त्याची किती माहिती आहे, तिथल्या सवयी काय आहेत आणि वर्षभरात कुणाला लांबलेला ताप आला का, एवढंच विचारायचं. नमुने तपासायला पैसे नाहीत, म्हणून रक्त घेत नाही.

सकाळी ६.४५

धुकं, शेण, बिड्या आणि उसाचं वाढं. बाजारात बाईमाणूस म्हणजे चहाच्या टपरीवरची मावशी आणि मी. सुरुवातीला सगळे मला बँकेची किंवा विम्याची समजायचे. आता ‘तापवाली ताई’ म्हणतात.

दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून बोटं दाबतात, चेहरे कोरे. भाव त्या दोघांशिवाय कुणाला कळत नाही. तोंडानं मात्र सगळं उघड चाललेलं असतं: दुसऱ्या वेताची आहे, आठवा लागलाय, कास बघा, शिंगं बघा. मी कान बघते. पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करायची नाही, असा नियम आहे. या बारा आकड्यांच्या मागं संगणकात मालकाचं नाव आणि लसीची नोंद असते. म्हशीला स्वतःचा कायमचा नंबर आहे, ही गोष्ट माझ्या प्रबंधात पुढं कामाला येणार आहे.

मला पाहिजे असलेली माहिती पावतीवर नसते. गाभडलेली म्हैस कुणी फार दिवस दावणीला ठेवत नाही. जखम भरली, पान्हा आला की तिला बाजार दाखवतात. नवा मालक ती नेऊन आपल्या गोठ्यात बांधतो. ब्रुसेला पसरायला एवढं पुरतं, कारण गर्भपातानंतरचा स्राव, जार आणि दूध यांतून तो बाहेर पडत राहतो. शेतकऱ्याला लबाड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण दूध बंद आणि चारा चालू, असं जनावर किती दिवस पोसायचं, याचं उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात नसतं. आमच्या आरोग्य-अर्थशास्त्राच्या पेपरातही ते नव्हतं.

एक पोक्त व्यापारी फॉर्मचं पहिलं पान होईपर्यंत उभे राहिले.

“ताप येतो का मामा, अधूनमधून? संध्याकाळी घाम, कंबर धरणं?”

“पोरी, गाडीत म्हशीसंगं रात्र काढल्यावर कंबर धरणार न्हाय तर काय व्हईल?”

हे उत्तर कोणत्या चौकटीत बसवायचं? मी ते शब्दशः मागच्या बाजूला लिहून घेतलं.

सकाळी १०.३०

वडापाव, दुसरा चहा. भाव पडले म्हणून लोक कुरकुरत पांगायला लागले. पांगणाऱ्या माणसाला प्रश्न विचारू नये. गिऱ्हाईक गेलेला माणूस प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणतो आणि माझी आकडेवारी उगाच निरोगी दिसायला लागते.

सकाळी ११.३०

जनावरांचा दवाखाना. मला दोन मार्गदर्शक आहेत. एक माणसांच्या साथरोगांच्या बाई, दुसरे पशुवैद्यक. बाई विचारतात, ताप किती दिवस होता? सर विचारतात, कितव्या महिन्यात टाकलं? समाजशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी प्रश्नावली वाचून पेन्सिलीनं समासात एकच ओळ लिहिली होती: जार कोण उचलतं? तीन विषयांतून मिळून माझे प्रश्न आले, आणि त्यामुळंच फॉर्म इतका लांबला की लोक उभ्यानं कंटाळतात.

पशुवैद्यक साहेबांनी रजिस्टर पुढं सरकवलं. मालकाचं नाव, बिल्ला क्रमांक, तक्रार, उपचार. ‘गर्भपात’, ‘जार अडकला’ अशा नोंदी मी वेगळ्या काढते. ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांनाच, म्हणजे कालवडी आणि वगारींनाच, आयुष्यात एकदा देतात. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन्हींसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत सुरू झाला. लस टोचणाऱ्यालाही जपावं लागतं, कारण लसीतला जंतू जिवंत असतो. सुई स्वतःच्या बोटात गेली तर पंचाईत. हातमोजे, चष्मा, मास्क असं त्यांनी मोजून दाखवलं. शेतकऱ्याकडं यातलं काय असतं? साहेब म्हणाले, “दुकानातली कॅरीबॅग. तीही फाटकी.”

२०२२ साली लम्पी आला तेव्हा राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवले होते. घोडेगावचा शुक्रवार सुना गेला की गावाचं काय होतं, ते तेव्हा कळलं. लम्पी माणसाला होत नाही, आणि त्याच्या तडाख्यात सापडल्या त्या मुख्यतः गायी. तरी त्याला सगळे ओळखतात, कारण गाठी डोळ्यांना दिसतात. ब्रुसेला दिसत नाही.

दुपारी १.००

माणसांचा दवाखाना. इथलं रजिस्टर वेगळं: नाव, वय, लिंग, गाव, ‘ताप’, ‘अंगदुखी’, ‘सांधेदुखी’, गोळ्या. घरी म्हैस आहे का, हा रकाना नाही. असायलाच हवा होता असं मी म्हणत नाही. ओपीडीच्या गर्दीत तो भरणार कोण? पण तिकडं बिल्ला क्रमांक आणि इकडं रुग्णाचं नाव, या दोन वह्या एकाच घराबद्दल बोलत असल्या तरी एकमेकींना ओळखत नाहीत. माणसाच्या ब्रुसेलोसिसचा ताप टायफॉइडसारखाच वाटतो. ओळखला तर सहा आठवडे दोन औषधं एकत्र घ्यावी लागतात, डॉक्सिसायक्लिन आणि बहुधा रिफाम्पिसिन. मध्येच सोडली की आजार उलटतो.

डबा खाताना जामखेडची आठवण झाली. आमच्याच जिल्ह्यातलं गाव, पण त्याचा पाठ मी पहिल्यांदा वाचला तो पुण्याच्या ग्रंथालयात, इंग्रजीत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे दोघंही डॉक्टर. त्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या पुस्तकात त्यावर एक प्रकरण आलं, १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला त्यात सगळ्यात भावतं ते हे की पाणी, झाडं, शेतकऱ्यांची मंडळं यांना त्यांनी दवाखान्याचंच काम मानलं आणि त्यातलं बरंच लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांच्या हाती दिलं. आम्ही ज्याला आंतरविद्याशाखीय म्हणून क्रेडिट मोजतो, ते तिथं रोजचं झालं होतं.

दुपारी ३.१५

वस्ती. सकाळी पुरुष भेटले, आता बायका. समासातल्या त्या पेन्सिलीच्या ओळीचं उत्तर इथं मिळतं. बाजारात सौदा करणारा हात वेगळा आणि गोठ्यात जार ओढणारा वेगळा, हे बहुतेक घरांत दिसतं.

एक काकू कडबा रचत होत्या. तळहाताला भेगा, अंगठ्याजवळ ताजं चिरलेलं. दिवाळीच्या आधी म्हैस गाभडली, रात्री दहाला. मालक नगरला गेलेले. “मग काय, मीच काढलं. पिशवी घातली हाताला. ती फाटली, मग तशीच वढली.” जार उकिरड्यावर टाकला, कुत्र्यांनी नेला. तो खोल पुरून वर चुना टाकायचा असतो, हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. खड्डा कोण खणणार, हे त्यांनी विचारलं नाही, मला मात्र दिसलं.

“ताप?”

“येतो नि जातो. सांजचा. गुडघंबी दुखत्यात. गोळ्या खाल्ल्या की चार दिवस बरं.”

निदान करणं माझं काम नाही आणि प्रबंधात तो अधिकारही नाही. पण नर्स आत जागीच असते. वहीतून अर्धा कागद फाडला आणि लिहिलं: ‘वारंवार ताप, संध्याकाळी घाम, सांधेदुखी. गोठ्यात काम. म्हशीचा गर्भपात, उघड्या हातानं जार काढला. ब्रुसेलोसिससाठी रक्त तपासणीचा विचार व्हावा.’ खाली नाव, शिक्षण. चिठ्ठी घडी करून त्यांनी ब्लाउजमधल्या पाकिटात ठेवली. कच्चं दूध पिता का, विचारलं. चहातलं तर उकळतंच, खरवसही शिजतोच, पण नातवाला रोज पेलाभर धारोष्ण. ते बंद करा म्हटल्यावर आजी म्हणून त्या पहिल्यांदा माझ्यावर रागावल्या.

संध्याकाळी ६.३०

दूध संकलन केंद्र. किटल्यांची रांग, फॅट, एसएनएफ, पावती. फॅट किती भरतं ते प्रत्येकाला तोंडपाठ. मी चार फॉर्म भरले आणि डास मारले.

रात्री ९.३०

मार्गदर्शकांबरोबर फोन, दोघंही एकाच कॉलवर, त्यामुळं निम्मा वेळ त्यांच्या आपसातल्या वादात. बाई म्हणतात, प्रश्न कमी कर. सर म्हणतात, वेताचा प्रश्न काढायचा नाही. शेवटी ‘जनावराची जात’ आणि ‘वार्षिक उत्पन्न’ एकत्र उडाले. जार राहिला. चिठ्ठी देणं अभ्यासाच्या आराखड्यात बसतं का, हे बाईंनी विचारलं. मी म्हटलं, नैतिक समितीला पत्र लिहिते, पण चिठ्ठ्या देणं थांबवणार नाही. सर हसले, बाई हसल्या नाहीत. पत्राचा मसुदा मात्र त्यांनी आजच मागितला.

फोननंतर एक्सेल उघडलं. डाव्या बाजूला माणसांचे रकाने, उजव्या बाजूला जनावरांचे. मध्ये आज एक नवा रकाना घातला: घर क्रमांक. काकूंच्या ओळीत तो भरला, समोर म्हशीचा बारा आकडी नंबर टाकला. व्यापारी मामांच्या ओळीत उजवी बाजू रिकामी ठेवावी लागली, कारण त्यांच्या म्हशी दर शुक्रवारी वेगळ्या असतात. अशा माणसाला कुठल्या घराला जोडायचं, हे सोमवारी सांख्यिकीच्या सरांना विचारायचंय. आधी पत्राचा मसुदा.