गर्भाशयाच्या कर्करोगाचा टप्पा : पेट-सीटी, पेट-एमआरआय आणि स्पेक्ट-सीटी

गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुधा पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागले की उघडकीस येतो. सोनोग्राफीत अस्तर जाड दिसते, बायोप्सीत निदान पक्के होते आणि मग टप्प्याचा प्रश्न येतो. रोग पिशवीपुरता असेल तर पहिला टप्पा, गर्भाशयमुखाच्या आतल्या ऊतीत शिरला असेल तर दुसरा. बीजकोश, योनी किंवा लसिकाग्रंथींपर्यंत गेला तर तिसरा, मूत्राशय-आतड्याच्या अस्तरात किंवा दूरच्या अवयवांत पोचला तर चौथा. ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९८८पासून हा टप्पा शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाच्या तपासणीवर ठरवायला सुरुवात केली. २०२३मध्ये त्यात गाठीच्या रेणवीय प्रकाराचीही भर पडली. अंतिम टप्पा स्कॅनवर ठरत नसला, तरी नुसती पिशवी काढायची की ग्रंथीही, की आधी केमोथेरपी द्यायची, हे मात्र शस्त्रक्रियेपूर्वीच्या चित्रांवरच ठरते.

या चित्रांना दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पहिला प्रश्न खोलीचा : गाठ स्नायूच्या भिंतीत निम्म्यापेक्षा जास्त शिरली आहे का? याचे सर्वांत भरवशाचे उत्तर एमआरआय देते, कारण मऊ ऊतींमधला फरक तिच्यात स्पष्ट उमटतो. दुसरा प्रश्न पसरण्याचा, आणि तिथे पेट लागते. फ्लोरिन-१८ जोडलेली साखर शिरेतून दिली की ती कर्करोगाच्या अधाशी पेशींत साठते. पण नुसत्या पेटच्या चित्रात चमकणारा ठिपका नेमका कुठल्या अवयवात आहे हे कळणे कठीण असते. म्हणून तिला सीटीची जोड मिळाली. पिट्सबर्गमध्ये १९९८ साली अशा जोडयंत्राचा पहिला नमुना रुग्णांवर वापरला गेला. महाराष्ट्रात या तंत्राचा पाया मुंबईत परळला पडला. तिथल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाले, आणि २००४च्या अखेरीस टाटा मेमोरियल रुग्णालयात पेट-सीटी आले.

पेट-सीटीचे बळ ओटीपोटाबाहेर दिसते. महाधमनीलगतच्या ग्रंथी, फुप्फुस, यकृत, हाडे असे सारे एकाच फेरीत तपासता येते. तिच्या उणिवाही ठरावीक आहेत. चार-पाच मिलिमीटरहून लहान ठेव सहसा निसटते, त्यामुळे ग्रंथी चमकली नाही म्हणजे ती निरोगीच, असे म्हणता येत नाही. मूत्राशयात साठलेली किरणोत्सारी लघवी शेजारचे झाकते. पाळी चालू असलेल्या स्त्रीचे निरोगी अस्तरही महिन्याच्या काही दिवसांत चमकते, आणि कधी कधी फायब्रॉइडही. स्नायूतली खोली तर पेट-सीटीला नीट मोजताच येत नाही.

पेट-एमआरआय ही उणीव भरून काढते. दोन्ही चित्रे एकाच वेळी घेणारी यंत्रे २०१०च्या सुमारास आली. सीटी नसल्याने किरणांचा डोस कमी होतो. पण तपासणीला वेळ जास्त लागतो, फुप्फुसातले बारीक ठिपके निसटू शकतात, आणि पेसमेकर असलेल्यांना अडचण येते. जपानमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, ३० रुग्णांच्या एका अभ्यासात पेट आणि एमआरआय वेगवेगळ्या यंत्रांवर घेऊन संगणकात जुळवले होते. गाठीचा स्थानिक विस्तार या जोडचित्रात ८० टक्के रुग्णांत बरोबर ठरला, पेट-सीटीत ६० टक्के. नुसत्या एमआरआयचा आकडाही ८०च होता. रुग्णसंख्या लहान असली, तरी यातून निघणारा व्यवहारी अर्थ महत्त्वाचा आहे : जिथे पेट-एमआरआय नाही, तिथे चांगली एमआरआय आणि गरज असेल तरच पेट-सीटी, एवढ्याने बहुतेक निर्णय घेता येतात.

एमआरआयवर भागते की पेटही लागते, हा फरक खडवलीसारख्या गावाच्या दृष्टीने मोठा आहे. भातसेकाठच्या या स्टेशनावरून परळला यायचे तर कसारा लोकलने दादर गाठून पुढे जावे लागते. पेटसाठी चार ते सहा तास उपाशी राहायचे असते, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचे, मग लघवी करून स्कॅनसाठी जायचे. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते, त्यामुळे डोस वेळ धरून मागवलेला असतो, आणि गाडी चुकली तर तो वाट पाहत नाही. मधुमेह आणि स्थूलता हे या आजाराचे नेहमीचे सोबती, म्हणून अशा प्रवासात उपाशीपोटी साखर उतरण्याची भीतीही खरी असते. औषधाच्या वेळा आधीच विचारून घेतलेल्या बऱ्या. बायोप्सीत मंद जातीच्या आणि एमआरआयवर वरवरच्या दिसणाऱ्या रोगात पेटची ही दगदग सहसा अनावश्यक ठरते. उग्र जातीत, किंवा एमआरआयवर ग्रंथी संशयास्पद दिसल्यास, ती सार्थकी लागते.

स्पेक्ट-सीटीचे काम वेगळे आहे. टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य गर्भाशयमुखात टोचून लसिका आधी कुठल्या ग्रंथीकडे जाते, हे ती दाखवते. त्या ‘पहारेकरी’ ग्रंथीच काढून तपासता येतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी हे काम शस्त्रक्रियेतच इंडोसायनिन ग्रीन या हिरव्या रंगद्रव्याने होते. २०१७च्या फायर्स अभ्यासात पहारेकरी ग्रंथी सापडलेल्या रुग्णांमध्ये या पद्धतीने ग्रंथींतला रोग ९७ टक्के वेळा पकडला. पेटला न दिसणाऱ्या बारीक ठेवी सूक्ष्मदर्शकाखाली इथेच सापडतात.