गहाण घरांच्या जप्तीचा घरबाजारावरील परिणाम

कर्जाचे हप्ते थकल्यानंतर तारण म्हणून गहाण ठेवलेले घर कर्ज देणाऱ्या संस्थेने कायदेशीर मार्गाने ताब्यात घेणे किंवा लिलावात विकणे, या प्रक्रियेस घरजप्ती अथवा फोरक्लोजर असे म्हणतात. वरवर पाहता ही बाब कर्जदार आणि कर्ज देणारी संस्था या दोघांपुरती मर्यादित असते. मात्र एखाद्या भागात जप्तींची संख्या वाढू लागली की तिचा परिणाम शेजारच्या घरांच्या किमती, नव्या घरांचे बांधकाम, गृहकर्जाची उपलब्धता आणि नगरपालिकेचे करउत्पन्न यांवरही होतो. हप्ते नियमित भरणाऱ्या कुटुंबालाही त्याची झळ बसते. या संबंधाचा सर्वाधिक अभ्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः २००७ नंतर आलेल्या घरजप्तीच्या लाटेच्या संदर्भात झाला आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने त्या देशातील परिस्थितीचा विचार केला आहे.

संज्ञा आणि कायदेशीर प्रक्रिया

भारतातील बँकांच्या व्यवहारात 'फोरक्लोजर' हा शब्द बहुधा मुदतीपूर्वी संपूर्ण कर्ज फेडून खाते बंद करणे या अर्थाने वापरला जातो. या लेखात तो अर्थ अभिप्रेत नाही.

अमेरिकेत जप्तीची पद्धत प्रत्येक राज्याच्या कायद्यानुसार ठरते. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, फ्लोरिडा आदी राज्यांत कर्ज देणाऱ्या संस्थेला न्यायालयात दावा दाखल करून निकाल मिळवावा लागतो. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, जॉर्जिया, टेक्सास आदी राज्यांत गहाणाच्या दस्तऐवजातच विक्रीचा अधिकार दिलेला असतो. त्यामुळे तेथे नोटीस देऊन आणि ठरावीक मुदत संपल्यावर न्यायालयाबाहेर लिलाव करता येतो. न्यायालयीन मार्ग बराच संथ असतो. संकटाच्या काळात न्यूयॉर्कमध्ये एका प्रकरणाला सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ लागत असे. लिलावात पुरेशी बोली न आल्यास घर कर्ज देणाऱ्या संस्थेच्याच मालकीचे होते आणि ती संस्था ते पुढे खुल्या बाजारात विकते.

पार्श्वभूमी

महामंदीच्या काळात, १९३३ मध्ये, अमेरिकेत दररोज सुमारे एक हजार घरे जप्त होत होती. त्यानंतरची सर्वांत मोठी लाट २००७ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या दशकात घरांच्या किमती सातत्याने वाढत होत्या. परतफेडीची क्षमता कमी असलेल्या कर्जदारांना दिलेली, म्हणजेच सबप्राइम, कर्जे २००६ च्या सुमारास नव्या गृहकर्जांच्या जवळपास एक-पंचमांश झाली होती. किमती वाढत होत्या तोवर अडचणीतला कर्जदार घर विकून किंवा नवे कर्ज घेऊन जुने कर्ज फेडू शकत असे. २००६ च्या मध्यानंतर किमती उतरू लागल्या आणि हा मार्ग बंद झाला. रिॲल्टीट्रॅक या संस्थेच्या नोंदींनुसार एकट्या २०१० मध्ये २८ लाखांहून अधिक मालमत्तांवर जप्तीविषयक नोटिसा निघाल्या आणि दहा लाखांहून अधिक घरे कर्ज देणाऱ्या संस्थांच्या ताब्यात गेली. केस-शिलर निर्देशांकानुसार २००६ ते २०१२ या काळात देशातील घरांच्या किमती सुमारे २७ टक्क्यांनी घसरल्या.

जप्तीमागील दोन अटी

केवळ उत्पन्न बुडाले किंवा केवळ किंमत उतरली म्हणून घर सहसा जप्त होत नाही. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. समजा, तीन लाख डॉलरच्या घरावर २ लाख ८५ हजार डॉलरचे कर्ज आहे. किंमत स्थिर असताना नोकरी गेल्यास कर्जदार घर विकून कर्ज फेडू शकतो. किंमत २० टक्क्यांनी उतरून २ लाख ४० हजारांवर आली, पण नोकरी टिकून राहिली, तर तो बहुधा हप्ते भरत राहतो. परंतु दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्यास घर विकूनही ४५ हजार डॉलरचे देणे शिल्लक राहते, ते फेडण्यास पैसे नसतात आणि घर जप्तीला जाते. २०१० च्या सुमारास अमेरिकेतील सुमारे १.१ कोटी घरांवरील कर्जाची बाकी त्यांच्या बाजारभावापेक्षा अधिक होती. कर्ज असलेल्या घरांमध्ये हे प्रमाण जवळपास एक-चतुर्थांश होते. त्यामुळे बेरोजगारी वाढताच जप्तीही वाढल्या.

किमतींवर परिणाम होण्याचे मार्ग

सक्तीच्या विक्रीतील घट : जप्त झालेले घर सामान्य विक्रीच्या तुलनेत बरेच स्वस्त विकले जाते. रिकाम्या घराची राखण, विमा आणि कर यांचा खर्च टाळण्यासाठी संस्थेला ते लवकर विकायचे असते. शिवाय अशी घरे बहुधा डागडुजीअभावी खराब झालेली असतात. जॉन कॅम्पबेल, स्टेफानो जिग्लिओ आणि पराग पाठक यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील विक्रीनोंदींवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही घट सरासरी २७ टक्के आढळली.

पुरवठ्यात वाढ : जप्तीमुळे एक घर विक्रीस येते. त्यातून बाहेर पडलेल्या कुटुंबाची पत मात्र ढासळलेली असल्यामुळे ते काही वर्षे दुसरे घर विकत घेऊ शकत नाही. म्हणजे विक्रेता वाढतो आणि त्याच वेळी एक ग्राहकही कमी होतो.

देखभालीचा अभाव : घर आपल्याकडे राहणार नाही हे दिसू लागल्यावर मालक त्यावर खर्च करणे थांबवतो. घर रिकामे झाल्यावर वाढलेले गवत, फुटलेल्या काचा, नळ व तांब्याच्या तारांची चोरी यांमुळे परिसराचे रूप पालटते. ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहराचा स्लाव्हिक व्हिलेज हा भाग याचे ठळक उदाहरण मानला जातो.

मूल्यांकन आणि कर्जपुरवठा : घराची किंमत ठरवताना मूल्यांकनकार जवळच्या अलीकडील विक्रींचा आधार घेतात. स्वस्तात गेलेल्या जप्त घरांमुळे शेजारच्या घरांचे मूल्यांकन कमी होते आणि त्यानुसार नव्या ग्राहकाला मिळणारे कर्जही कमी होते.

या मार्गांनी किंमत उतरली की आणखी काही घरांची किंमत त्यांच्यावरील कर्जापेक्षा खाली जाते आणि पुढील जप्तींचा धोका वाढतो. अशा रीतीने जप्ती ही किंमतघटीचा परिणाम असते आणि तिचे कारणही ठरते.

संशोधनातील निष्कर्ष

किंमती उतरल्यामुळे जप्ती वाढतात आणि जप्तींमुळे किमती उतरतात, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असल्याने त्यांचे परिणाम वेगळे करणे अवघड असते. डॅन इमरग्लक आणि जेफ स्मिथ यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिकागोविषयक अभ्यासानुसार, सुमारे २०० मीटरच्या आत झालेली प्रत्येक जप्ती घराच्या किमतीत ०.९ टक्के घट घडवते. वर उल्लेखिलेल्या मॅसॅच्युसेट्समधील अभ्यासात सुमारे ८० मीटर अंतरावरील जप्तीचा परिणाम जवळपास एक टक्का आढळला. एका घरापुरता हा आकडा लहान वाटतो. मात्र एका जप्त घराच्या आसपास अनेक घरे असतात आणि एका घराजवळ अनेक जप्तीही होऊ शकतात. त्यामुळे एकूण नुकसान मोठे होते.

अतिफ मियां, अमीर सूफी आणि फ्रान्सेस्को ट्रेबी यांनी राज्यांच्या कायद्यांतील फरकाचा उपयोग करून कारण आणि परिणाम वेगळे करण्याचा प्रयत्न केला. न्यायालयाबाहेर जप्ती करता येणाऱ्या राज्यांत थकीत कर्जाचे घर जप्त होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होती. त्या राज्यांत घरांच्या किमती, घरबांधणी आणि ग्राहकांचा खर्च यांत अधिक घट झाल्याचे त्यांना आढळले.

शेजारच्या घरांवरील परिणामाच्या कारणाबाबत मतभेद आहेत. एलियट आनेनबर्ग आणि एडवर्ड कुंग यांच्या मते तो प्रामुख्याने विक्रीतील वाढत्या स्पर्धेमुळे होतो. परिसराच्या दुरवस्थेचा परिणाम मुख्यतः दाट वस्तीच्या व कमी किमतीच्या भागांत दिसतो. क्रिस्टोफर गेरार्डी व त्यांचे सहकारी यांच्या मते घट जप्तीपूर्वीच, हप्ते थकू लागताच सुरू होते आणि घर नव्या मालकाकडे गेल्यावर सुमारे वर्षभरात नाहीशी होते. म्हणजे मालकाने देखभाल थांबवणे हे तिचे मुख्य कारण होय. पहिले मत स्वीकारल्यास विक्री लांबवणे हितावह ठरते. दुसरे स्वीकारल्यास घर शक्य तितक्या लवकर नव्या मालकाकडे जाणे योग्य ठरते.

प्रादेशिक फरक

या संकटाची तीव्रता सर्वत्र सारखी नव्हती. लास व्हेगासमध्ये किमती सुमारे ६० टक्क्यांनी आणि फीनिक्समध्ये निम्म्याहून अधिक घसरल्या. टेक्सासमधील शहरांत घसरण तुलनेने सौम्य राहिली. न्यायालयाबाहेरील जप्ती टेक्सासमध्येही प्रचलित आहे. परंतु तेथे किमती आधी फारशा फुगल्या नव्हत्या आणि राहत्या घरावरील एकूण कर्जाला, घर तारण ठेवून रोख रक्कम उचलताना, त्याच्या किमतीच्या ८० टक्क्यांची कायदेशीर मर्यादा होती. त्यामुळे किंमत उतरूनही अनेक मालकांचा घरातील हिस्सा शिल्लक राहिला.

व्यापक परिणाम

स्वस्त जप्त घरांशी स्पर्धा करणे नव्या घरांना शक्य झाले नाही. २००५ मध्ये अमेरिकेत सुमारे २० लाख नव्या घरांचे बांधकाम सुरू झाले होते. २००९ मध्ये ही संख्या साडेपाच लाखांवर आली. शाळा, पोलीस व अग्निशमन सेवा मोठ्या प्रमाणात मालमत्ता करावर अवलंबून असल्याने स्थानिक संस्थांचे उत्पन्न घटले आणि त्याच वेळी ओस घरांवरील खर्च वाढला. फीनिक्स, अटलांटा यांसारख्या शहरांत गुंतवणूक कंपन्यांनी जप्त घरे मोठ्या संख्येने विकत घेऊन भाड्याने दिली. स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २००४ मधील ६९.२ टक्क्यांवरून २०१६ मध्ये ६२.९ टक्क्यांपर्यंत खाली आले.

उपाययोजना

१९३३ मध्ये स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने सुमारे दहा लाख थकीत कर्जे विकत घेऊन दीर्घ मुदतीची केली. तरीही त्यांतील सुमारे एक-पंचमांश घरे अखेर जप्त झाली. २००८ च्या कायद्यान्वये ओस घरांची खरेदी व दुरुस्ती करण्यासाठी स्थानिक शासनांना ३.९२ अब्ज डॉलरचा निधी देण्यात आला. २००९ मध्ये हप्ते कमी करण्याची संघराज्य शासनाची योजना सुरू झाली. जप्तीची शपथपत्रे न तपासता सह्या केल्याचे २०१० मध्ये उघड झाल्यानंतर, २०१२ मध्ये पाच मोठ्या कर्जसेवा संस्थांनी ४९ राज्ये व संघराज्य शासन यांच्याशी सुमारे २५ अब्ज डॉलरची तडजोड केली.

२०२० च्या कोविड साथीत वेगळे धोरण अवलंबले गेले. संघराज्य शासनाचे पाठबळ असलेल्या कर्जांचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा मिळाली आणि अशा घरांच्या जप्तीवरील बंदी ३१ जुलै २०२१ पर्यंत लागू राहिली. बेरोजगारी तीव्र असूनही जप्तीची लाट आली नाही. मात्र त्या काळात किमती वाढत होत्या आणि बहुतेक मालकांचा घरातील हिस्सा मोठा होता, हेही त्यामागील महत्त्वाचे कारण होते.

जप्तीवर कठोर निर्बंध घातल्यास कर्ज महाग किंवा दुर्मीळ होते, असा प्रतिवाद केला जातो. कॅरेन पेन्स यांच्या २००६ मधील अभ्यासात कर्जदारास अनुकूल कायदे असलेल्या राज्यांत गृहकर्जाची रक्कम तीन ते सात टक्क्यांनी कमी आढळली.

भारतातील व्यवस्था

भारतात थकीत गृहकर्जाची वसुली मुख्यतः २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार होते. त्यात कर्जदारास ६० दिवसांची नोटीस दिल्यानंतर न्यायालयाच्या हस्तक्षेपाविना तारण ताब्यात घेता येते. शेतजमिनीस हा कायदा लागू नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार गृहकर्ज घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ ते ९० टक्के देता येते आणि कर्जाची रक्कम वाढते तशी ही मर्यादा कमी होते. लिलावातून कर्ज न फिटल्यास उरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करता येते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात राहत्या घराच्या खरेदीसाठी घेतलेल्या कर्जाबाबत अशी वसुली करता येत नाही.

हे सुद्धा पहा

२००८ चे जागतिक आर्थिक संकट
सबप्राइम कर्ज
महामंदी
सरफेसी कायदा, २००२